मोपाहून जळगावला जाणारे विमान आणि तुलूजचा एकुलता कारखाना

मोपाच्या मनोहर विमानतळावर मुख्य ठाणे असलेल्या फ्लाय९१ या कंपनीने मार्च २०२४ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू केली. लक्षद्वीपमधील आगत्ती, खानदेशातील जळगाव आणि पुढे सोलापूर अशी गावे तिने गोव्याशी जोडली. या मार्गांवर उडणारी विमाने एटीआर ७२-६०० जातीची आहेत. दोन मोठे पंखे, सत्तरेक आसने आणि डोक्यावरून जाणारे रुंद पंख ही त्यांची ओळख. रशिया आणि चीन वगळले, तर या आकाराचे पंख्याचे, म्हणजे टर्बोप्रॉप, प्रवासी विमान आज जगात एकच कंपनी नव्याने बांधते. फ्रान्समधील तुलूजची ही एटीआर कंपनी एअरबस आणि इटलीची लिओनार्दो यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची आहे. तिची उरलीसुरली प्रतिस्पर्धी होती कॅनडाची डी हॅविलंड. आपल्याकडे स्पाइसजेटमुळे ओळखीच्या झालेल्या तिच्या डॅश ८ विमानाचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले.

जेट सोडून पंख्याचे विमान कशासाठी, असा प्रश्न प्रवासी नेहमी विचारतात. टर्बोप्रॉपमध्येही गॅस टर्बाइनच असते, पण तिची बहुतेक ताकद पंखा फिरवण्यात खर्च होते. तीन-चारशे किलोमीटरच्या प्रवासात जेटला त्याच्या फायद्याची उंची गाठून तिथे टिकायला वेळच मिळत नाही. अशा टप्प्यावर टर्बोप्रॉप बरेच कमी इंधन जाळते. त्याच आकाराच्या जेटपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी, असा उत्पादकांचा दावा आहे. आगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची असल्याने तिथे मोठे जेट उतरूच शकत नाही. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी मात्र अडीच हजार मीटरची आहे. तिथे अडचण जागेची नसून प्रवाशांची आहे. एकशे ऐंशी आसने रोज भरतील एवढी माणसे सिंधुदुर्ग किंवा जळगावला मिळत नाहीत, सत्तर आसने भरण्याची आशा धरता येते.

टर्बोप्रॉपच्या आजवरच्या इतिहासात विमानापेक्षा इंजिनाने जास्त गोष्टी ठरवल्या आहेत, असे माझे मत आहे. पहिले युग रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनाचे. व्हायकाउंट, फोकर एफ-२७, अ‍ॅव्रो ७४८ ही सगळी विमाने याच एका इंजिनावर उडाली. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये व्हायकाउंट आणले. कानपूरमध्ये परवान्याखाली जोडलेल्या पहिल्या अ‍ॅव्रोने १ नोव्हेंबर १९६१ रोजी झेप घेतली आणि त्यानंतर सातच आठवड्यांत गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी भारतीय नौदलात आलेल्या विक्रांतवरच्या अलिझे विमानांनाही डार्टच होते. त्यांतले एक बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आजही जवळून पाहता येते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कानपुरात एकूण ८९ अ‍ॅव्रो बांधली. आपल्या देशाने पन्नासेक आसनांचे प्रवासी विमान मालिकेने तयार केले होते, ही गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक आहे आणि मला तिचे मनापासून वाईट वाटते.

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि इंधन वाचवणाऱ्या नव्या इंजिनाची गरज भासली. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाने पीडब्ल्यू१०० ही मालिका काढली आणि तिच्याभोवती विमानांची रांगच लागली. डॅश ८ ने १९८३ मध्ये, एटीआर ४२ ने १९८४ मध्ये पहिले उड्डाण केले. ब्राझीलचे ब्रासिलिया, हॉलंडचे फोकर ५०, ब्रिटनचे एटीपी, जर्मनीचे डॉर्निअर ३२८ हीदेखील याच मालिकेवर उडाली. स्वीडनच्या साबने वेगळे इंजिन निवडले. दहा वर्षांत अर्धा डझनाहून अधिक कारखाने एकाच ग्राहकामागे धावू लागले आणि तेवढे ग्राहक जगात नव्हते.

१९८६ मध्ये बोइंगने डी हॅविलंड विकत घेतली, पण लवकरच तिला ती नकोशी झाली. तेव्हा एटीआरच्या मालकांनी, म्हणजे फ्रान्सच्या एरोस्पासियाल आणि इटलीच्या अलेनिया या कंपन्यांनी, तिच्यासाठी बोली लावली. ऑक्टोबर १९९१ मध्ये युरोपीय आयोगाने हा सौदा रोखला. विलीनीकरणाच्या नव्या नियमांखाली आयोगाने बंदी घातलेला तो पहिलाच सौदा होता. या विमानांची जगातली निम्मी बाजारपेठ एकाच हाती जाईल आणि छोट्या विमान कंपन्यांना निवडीला वाव उरणार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी डी हॅविलंड कॅनडाच्या बंबार्डिएकडे गेली. त्या वेळी कायद्याने अडवलेली मक्तेदारी तीस वर्षांनी कोणताही सौदा न होता आपोआप उभी राहिली. या साऱ्या इतिहासात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

ती उभी राहिली, कारण नव्वदच्या दशकात तेल पुन्हा स्वस्त झाले आणि पन्नास आसनी जेटची लाट आली. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ पंखांवर बर्फ साचून एक एटीआर ७२ कोसळले आणि ६८ जणांचा बळी गेला. तिथल्या प्रवाशांच्या मनात पंख्याच्या विमानाबद्दल भीती बसली. फोकर १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली, साबने १९९९ मध्ये प्रवासी विमाने बांधणे बंद केले. २००५ च्या सुमारास तेल परत महागले, तोवर मैदानात दोघेच उरले होते. आपल्याकडे एअर डेक्कनने २००३ मध्ये एटीआर घेऊनच सुरुवात केली होती. पुढे एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेचे सिमला-दिल्ली हे पहिले विमानही एटीआरच होते.

बंबार्डिएने २०१८ मध्ये टोरांटोतील डाउन्सव्ह्यूची कारखान्याची जमीन विकली आणि डॅश ८ चा व्यवसाय लाँगव्ह्यू या कॅनडाच्याच गटाला देण्याचा करार केला. नव्या मालकांनी डी हॅविलंड हे जुने नाव परत आणले. पण महामारीत मागणी आटली, जागेची मुदत संपत आली आणि जुळणी थांबली. आल्बर्टा प्रांतात नवा कारखाना उभारण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या एम्ब्राएरने आपल्या नव्या टर्बोप्रॉपचा बेत बाजूला ठेवला. कारण पुन्हा इंजिनाचेच होते. इंजिन कंपन्यांकडून आलेले प्रस्ताव विमानाचे गणित जुळवण्यापुरते चांगले नव्हते.

एकट्या उरलेल्या एटीआरची स्थितीही भरभराटीची नाही. २०२३ मध्ये तिने ३६ नवी विमाने दिली, २०२४ मध्ये ३५. दहा वर्षांपूर्वी हा आकडा याच्या दुपटीहून मोठा होता. विमानाचे धड इटलीत नेपल्सजवळ, पंख फ्रान्समध्ये बोर्दोजवळ आणि इंजिने कॅनडात तयार होतात. यांतला एक दुवा अडला की तुलूजची जुळणी अडते. आखूड धावपट्टीसाठीचे ४२-६००एस हे विमान कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केले. अंशतः विजेवर चालणाऱ्या नव्या पिढीचा संकल्प २०२२ मध्ये जाहीर झाला खरा, पण आज विकले जाणारे विमान मुळात १९८८ मध्ये उडालेल्या आराखड्याचीच सुधारलेली आवृत्ती आहे. एकाच दुकानावर विसंबल्यावर माल कधी मिळेल हे दुकानदार ठरवतो. चाळीसहून अधिक एटीआर बाळगणारी इंडिगो निदान रांगेत पुढे उभी राहू शकते. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी विमाने असलेल्या कंपनीला विमान देणाऱ्या भाडेकंपनीकडे पाहत थांबावे लागते.

मग भारताने स्वतः का बांधू नये? प्रयत्न झाले. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे चौदा आसनी सारस २००४ मध्ये उडाले. २००९ मध्ये चाचणी उड्डाणात त्याला अपघात होऊन हवाई दलाचे तिघे अधिकारी गेले. नंतर हे काम सावकाश पुन्हा सुरू झाले, पण सत्तर-नव्वद आसनी प्रादेशिक विमानाचा विचार कागदाबाहेर आला नाही. कानपूरच्या डॉर्निअर २२८ ची नागरी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने दिब्रुगड-पासीघाट मार्गावर आणली. तिची आसने अवघी सतरा. जर्मनीत जुन्या डॉर्निअर ३२८ वरून चाळीस आसनी डी३२८इको तयार होत आहे आणि त्याच्या धडाच्या मागच्या भागाचे काम बंगळुरूच्या डायनामॅटिक टेक्नॉलॉजीजकडे आले आहे. मला यातली हीच बातमी आशेची वाटते, कारण हे काम इथल्या हातांना धडाचा मोठा भाग जोडायला शिकवणारे आहे.

बडोद्यात टाटा आणि एअरबस मिळून हवाई दलासाठी सी-२९५ बांधत आहेत. करारातील ५६ पैकी ४० विमाने तिथे व्हायची आहेत आणि ती कानपूरच्या त्या जुन्या अ‍ॅव्रोंची जागा घेतील. सी-२९५ प्रवासी विमान नाही, पण आकाराने एटीआरच्या जवळपास जाणारे दोन पंख्यांचे विमान भारतात पुन्हा मालिकेने बांधले जाईल. त्याचे इंजिन मात्र पीडब्ल्यू१०० मालिकेतल्याच पीडब्ल्यू१२७ कुळातले आहे. मोपावरून जळगावला निघणाऱ्या विमानाचे इंजिनही त्याच कुळातले, आणि दोन्ही कॅनडाच्या एकाच कंपनीची.