पूर काठाला, टँकर माळाला

२०१९ च्या मे महिन्यात बेळगाव जिल्ह्यात, अथणी-रायबागकडे, कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं. कोयनेतून पाणी सोडा, अशी मागणी कर्नाटकातून महाराष्ट्राकडे चालली होती. पुढे ऑगस्ट उजाडला आणि त्याच कृष्णेनं काठची गावं बुडवली. घटप्रभा गोकाकात शिरली, मलप्रभा रामदुर्गात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. मग २०२३ साली पाऊस असा रुसला की कर्नाटक सरकारला २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले.

तेव्हापासून आपल्या भागात एक प्रश्न सतत ऐकू येतो: एवढं पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं, ते जमिनीत मुरवलं असतं तर विहिरी आटल्या असत्या का? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात एक समज दडलेला असतो, की जिथे पुराचं पाणी आठ-दहा दिवस तुंबून राहतं तिथे ते भरपूर मुरतंही. याच्या अगदी उलटा समज नकाशे करणाऱ्यांमध्ये दिसतो. पुराच्या धोक्याचा नकाशा घ्यायचा, त्याचे रंग उलटे करायचे, म्हणजे जिथे पुराचा धोका जास्त तिथे मुरणं कमी आणि धोका कमी तिथे जास्त, की झाला भूजल पुनर्भरणाचा नकाशा! दोन्ही नकाशांना लागणारं सामान तेच असतं ना? उतार, माती, खडक, ओढ्यांचं जाळं, पाऊस. सामान तेच असतं हे खरं. तरीही हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे कळलं तर कुठे बांध घालायचा आणि कुठे पैसा वाया घालवायचा नाही, हेही कळतं.

सुरुवात पावसापासून करू. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून दीडशे किलोमीटरवर, अथणीच्या पूर्वेला तेलसंगकडे, जेमतेम साडेपाचशे-सहाशे. जिल्हा एकच, पण एका टोकाला सह्याद्रीचं रान आणि दुसऱ्या टोकाला अर्धशुष्क माळ. अथणीत कृष्णेला पूर येतो तो अथणीच्या पावसानं येत नाही. तो महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात पडलेल्या पावसाचा असतो. वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांनी वाहून आणलेला. अथणीत ऊन पडलेलं असताना पाणी चढू शकतं. म्हणजे पुराचा नकाशा काढताना शंभर-दोनशे किलोमीटर दूरचा पाऊस धरावा लागतो, तर मुरण्याचा नकाशा काढताना त्या शिवारात पडणारा पाऊस. दोन्ही नकाशांत ‘पाऊस’ म्हणून एकच थर भरला, की पहिली चूक तिथेच होते.

पुराचा नकाशा काढण्याची एक पद्धत मला फार आवडते, कारण ती सोपी आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानानं अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारनं पृथ्वीच्या बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली. ती आकडेवारी आज कुणालाही फुकट मिळते. साधारण तीस मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाची समुद्रसपाटीपासूनची उंची. पण समुद्र इथून लांब. आपल्याला हवी असते आपल्या ओढ्यापासूनची उंची. मग संगणकाला सांगायचं: प्रत्येक चौकोनात एक थेंब टाक, तो उतारानं घरंगळत ज्या ओढ्याला मिळेल त्या ठिकाणची उंची मूळ उंचीतून वजा कर. उरली ती त्या जागेची ‘जवळच्या ओढ्यावरची उंची’. नदी पाच मीटर चढली तर ज्यांची ही उंची पाचपेक्षा कमी, ते चौकोन पाण्यात. गावचा जुना जाणता माणूस ‘पाणी मारुतीच्या पायरीला लागलं की खालची आळी उठवा’ म्हणतो, तेव्हा तो हेच गणित करत असतो. या पद्धतीचं दुबळेपण एवढंच, की या उंचीत काही मीटरची चूक असू शकते, आणि सपाट काठावर दोन मीटरच्या फरकानं अख्खी वस्ती आत किंवा बाहेर जाते.

म्हणून प्रत्यक्ष पुराच्या दिवसांतल्या उपग्रहचित्रांशी ताळा करायचा. पुरात आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. युरोपचा ‘सेंटिनेल-१’ साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या रडारलहरी सोडतो. त्या ढगातून आरपार जातात. शांत पाण्यावर त्या तिरक्या आदळून पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे परतत नाहीत, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. मात्र आपल्या नदीकाठी काय असतं? ऊस. ऑगस्टमधल्या पुरुषभर उंचीच्या उसाच्या पाल्याला या लहरी अडतात आणि खाली उभं असलेलं पाणी काळं दिसतच नाही. कृष्णा-दूधगंगेच्या काठचा पूर अशा चित्रात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. नुकसानभरपाईच्या याद्या अशा चित्रांवरून करायच्या असतील, तर उसाच्या शेतांची वेगळी तपासणी झालीच पाहिजे.

आता मातीकडे येतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त नवल वाटतं ते काळ्या मातीचं.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडच्या पातळीवर ते विड्याच्या पानांच्या चवडीसारखं असतं. एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचं, म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. या प्रत्येक पानावर थोडा ऋण विद्युतभार असतो. त्याला सांभाळायला दोन पानांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धन भाराचे आयन बसलेले असतात. पाणी आलं की पाण्याचे रेणू या आयनांभोवती गोळा होतात आणि पानं एकमेकांपासून दूर सरतात. कॅल्शियम असेल तर चवडीची जाडी जवळजवळ दुप्पट होऊन थांबते, कारण दोन धन भारांचा कॅल्शियम दोन्हीकडच्या पानांना धरून ठेवतो. सोडियमवर एकच भार. त्याची पकड ढिली. तो जास्त असला तर पानं सुटी होऊन पाण्यात पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात. आपण जिला चोपण जमीन म्हणतो, तिचं मूळ इथे आहे, आणि तिच्यावर जिप्सम टाकतात ते सोडियमला हुसकून कॅल्शियम बसवण्यासाठी.

याचा पाण्याच्या वाटेवर काय परिणाम होतो बघा. मे महिन्यात रानाला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या रुंद आणि कधी कधी मीटरभर खोल. मृगाचा पहिला जोराचा पाऊस या भेगांतून सरळ खाली जातो. मातीच्या कणाकणातून झिरपण्याची त्याला गरजच पडत नाही. पण त्याच पाण्यानं माती फुगते आणि भेगा मिटतात. एकदा त्या मिटल्या की ओलं काळं रान तासाला एक-सव्वा मिलीमीटरपेक्षा जास्त पाणी आत घेत नाही. तेच शेत जूनच्या आरंभी चाळणी असतं आणि ऑगस्टमध्ये फरशी.

हे आकड्यात मांडायची एक जुनी रीत आहे. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्यानं १९५० च्या दशकात ‘कर्व्ह नंबर’ म्हणून एक अंक ठरवला. तो शून्य ते शंभरच्या दरम्यान असतो. अंक जितका मोठा तितकं पाणी वाहून जास्त जातं. २५४०० ला या अंकानं भागून त्यातून २५४ वजा केले, की जमीन जास्तीत जास्त किती मिलीमीटर पाणी धरेल ते मिळतं. भारतात काळ्या मातीसाठी यात एक दुरुस्ती केली आहे. पाणी वाहू लागण्याआधी या धारणेपैकी किती भाग मुकाट जिरतो? रान कोरडं असेल तर तीन दशांश धरतात, ओलं असेल तर एक दशांश. भेगा उघड्या की मिटलेल्या, हाच तो फरक. पिकाखालच्या काळ्या रानाचा अंक ८५ धरा. आधीचे दिवस कोरडे गेले असतील तर त्याच रानाचा अंक ७० होतो, आणि सलग पाऊस झाला असेल तर ९४. आता ६० मिलीमीटरचा एकच पाऊस तिन्ही स्थितींत पाडून मी हिशेब केला. कोरड्या रानातून साडेपाच मिलीमीटर वाहून गेलं, मध्यम ओलीत ३१, आणि चिंब रानातून ४६. पाऊस तोच, शेत तेच, आणि ओढ्याला मिळालेलं पाणी आठपटीहून जास्त.

म्हणूनच ‘या जमिनीची मुरण्याची क्षमता इतकी’ असा एकच रंग नकाशात भरणं मला पटत नाही. निदान जूनचा एक आणि ऑगस्टचा एक, असे दोन नकाशे हवेत.

मातीच्या खाली बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, आणि जिल्ह्याचा उत्तर-पश्चिम भाग त्यावरच वसला आहे. (गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडचा वालुकाश्म आणि गारगोटीचा खडक याहून कितीतरी जुना, गोकाकचा धबधबा त्यावरूनच कोसळतो. त्याचं पाणी धरण्याचं तंत्र वेगळं, ते इथे घेत नाही.) विहीर खणणारे या थरांना आपल्या नावांनी ओळखतात: वर मुरूम, मग बुडबुड्यांच्या छिद्रांचा मांजऱ्या, मग घट्ट काळा कातळ, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लालसर गेरू. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात असतं. काळ्या कातळात फक्त फटी असतील तिथे. गेरूचा पट्टा बहुधा पाणी अडवतो.

या मुरूम-मांजऱ्यातून पंपाला मिळू शकणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के असतं. दोन टक्के धरू. याचा अर्थ असा, की नुसतं २० मिलीमीटर पाणी खाली पोचलं की विहिरीची पातळी एक मीटर वर येते! आपल्याकडे चार चांगल्या पावसांत विहिरी तुडुंब होतात आणि संक्रांतीनंतर तळ दाखवतात, त्याचं कारण या दोन टक्क्यांत आहे. भांडं उंच आहे, पण त्यात जागा थोडी.

आता त्या मूळ प्रश्नाकडे या. कृष्णाकाठच्या रानात दहा दिवस पाणी उभं राहिलं. तासाला एक मिलीमीटर मुरलं असं धरलं तरी २४० मिलीमीटर होतात. दोन टक्क्यांच्या हिशेबानं पातळी बारा मीटर चढायला हवी. पण नदीकाठी ऑगस्टमध्ये पाणी आधीच जमिनीखाली दोन-चार मीटरवर आलेलं असतं. पाऊस झालेला, उसाला वर्षभर पाणी दिलेलं, नदी भरलेली. मुरायला जागाच नसते. आत गेलेलं पाणी नदी उतरली की पुन्हा नदीतच पाझरतं. काही ठिकाणी तर पातळी इतकी वर असते की पाणी वर चढून उडून जातं आणि मागे मीठ राहतं. रायबाग, अथणी, चिकोडीच्या काठाला क्षारपड रानांचा प्रश्न आहे तो यातूनच. तिथे पाणी मुरवायचं नसून चर काढून बाहेर घालवायचं असतं.

आणि जिथे भांडं रिकामं आहे, त्या अथणीच्या पूर्वेकडच्या माळावर, पूर पोचतच नाही. तिथे उमेद आहे ती पातळ मातीच्या, उघड्या मुरमाच्या वरच्या उतारांत. भूजल मोजण्यासाठी देशभर जे प्रमाण वापरतात, त्यात झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये १३ टक्के पाणी मुरतं असं धरतात. साडेपाचशे मिलीमीटर पावसावर हे अनुक्रमे ३८ आणि ७१ मिलीमीटर भरतं. म्हणजे खडकाची निवड नीट केली तर मुरणारं पाणी जवळजवळ दुप्पट, विहिरीत दीडेक मीटरचा फरक. पाझर तलाव अशाच जागी हवेत. काळ्या रानात बांधलेला तलाव सुंदर भरलेला दिसतो खरा, पण त्यातलं बरंचसं पाणी उन्हानं जातं. मुरमावरच्या तलावातही दर पावसाळ्यात गाळाचा थर बसतो, तो चिकणमातीचाच असतो, आणि वीतभर गाळ सगळं मुरणं थांबवायला पुरतो. गाळ काढला नाही तर तलाव असून नसल्यासारखा.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. हातावर नारळ उभा करून किंवा उंबराची फांदी धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यावर आजही हजारो रुपये जातात. मुरूम-मांजऱ्याच्या शिवारात पावसाळ्यानंतर कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. त्याचं श्रेय नारळाला जातं. कोरड्या गेलेल्या बोअरची आठवण मात्र कुणी ठेवत नाही. दुसरी गोष्ट शिकलेल्यांची. सात-आठ थर घ्यायचे, उताराला इतके गुण, मातीला इतके, अशी वजनं द्यायची, बेरीज करायची आणि पाच रंगांचा झकास नकाशा छापायचा, ही पद्धत सध्या फार चालते. वजनं एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे तपासायचं सूत्रही असतं. पण सुसंगत म्हणजे बरोबर नव्हे. तो नकाशा एकाही विहिरीशी ताडून पाहिला नसेल, तर माझ्या लेखी त्याची किंमत फांदीपेक्षा जास्त नाही.

ताडून पाहण्याचं काम मात्र कुणालाही जमतं. दोरीला वजन बांधा. विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. आदल्या रात्री पंप बंद ठेवा, म्हणजे पातळी स्थिर होते. एकदा मेच्या अखेरीस मोजा, एकदा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या आरंभी. दोन मापांतला फरक मीटरमध्ये काढून २० नं गुणा. त्या पावसाळ्यात तुमच्या शिवाराखाली साठ्यात पडलेली भर मिलीमीटरमध्ये मिळेल. पावसाळ्यातला उपसा यातून निसटतो, म्हणून खरं मुरणं याहून थोडं जास्त असतं. एका गावातल्या दहा-बारा विहिरींची अशी मापं त्या गावाच्या नकाशावर मांडली, की माळावरचा कुठला उतार पाणी घेतो आणि कुठला नुसता वाहतो, ते एका पावसाळ्यात दिसू लागतं.