ओकीचोबी सरोवरातील गाळ व फॉस्फरस

ओकीचोबी हे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील विस्तीर्ण, उथळ गोड्या पाण्याचे सरोवर. हिचिती या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘मोठे पाणी’. क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौ. किमी., पण सरासरी खोली जेमतेम २.७ मी.; सरोवराच्या दुखण्याचे मूळ बऱ्याच अंशी या उथळपणात आहे.

उत्तरेकडून येणारी किसिमी ही त्याची मुख्य नदी. पूरनियंत्रणासाठी १९६२–७१ या काळात तिची १६६ किमी. लांबीची वळणे मोडून ९० किमी.चा सरळ कालवा काढण्यात आला. वाटेतल्या पाणथळ जमिनी सुकल्या. गुराढोरांची कुरणे, दुग्धशाळा आणि खते घातलेली शेते यांवरून वाहणारे पाणी पूर्वी त्या जमिनींत मुरत, निवळत येई. ते आता थेट सरोवरात उतरू लागले. त्यातून होणाऱ्या पोषकद्रव्यांच्या, मुख्यतः नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या, अतिरेकाला ‘सुपोषण’ म्हणतात. नाव गोड आहे, परिणाम मात्र नील-हरित शैवालाचा जाड, कधी विषारी थर. या शैवालांपैकी काही जाती नायट्रोजन हवेतूनच मिळवतात. फॉस्फरसला तशी पळवाट नाही, म्हणून नियंत्रणाचा भर त्याच्यावर असतो.

आलेला फॉस्फरस सगळा वाहून जात नाही. त्यातला बराचसा तळाशी बसतो. सरोवराच्या मध्यभागी मऊ, काळसर गाळाचा मोठा पट्टा आहे आणि गाळाच्या वरच्या थरातच सुमारे ३०,००० टन फॉस्फरस असल्याचा अंदाज आहे. खोल सरोवरात तळचा प्राणवायू संपला की लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटतो. इथे त्याच्या जोडीला वारा आहे. जोराचा वारा सुटला की लाटा तळापर्यंत पोचतात, गाळ ढवळला जातो आणि पाणी गढूळ होते. २००४ व २००५ मधील चक्रीवादळांनी हे फार मोठ्या प्रमाणावर केले. प्रकाश अडल्याने पाणवनस्पतीही मेल्या. म्हणजे बाहेरची आवक उद्या थांबली, तरी ही जुनी बाकी कित्येक दशके वसूल होत राहील.

आवक थांबलेली नाहीच. २००१ मध्ये वर्षाला १४० टनांची मर्यादा ठरली, त्यात ३५ टन वातावरणातून पडणारा वाटा धरलेला; प्रत्यक्षात बहुतेक वर्षी ती कितीतरी ओलांडली जाते. कारण पाणलोटातल्या मातीतही जुन्या खतांचा साठा आहे. २०१६ मध्ये सरोवरातून सोडलेल्या पाण्याबरोबर शैवाल सेंट लुसी नदीमुखापर्यंत गेले, आणि राज्याने काही परगण्यांत आणीबाणी जाहीर केली.

किसिमीचा काही भाग पुन्हा वळणावर आणण्याचे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. तळाचा उपाय अवघड आहे. फॉस्फरस बांधून ठेवणारी तुरटी इतक्या मोठ्या क्षेत्रावर टाकणे महागडे, आणि उपसलेला गाळ ठेवायचा कुठे हा प्रश्न वेगळाच. २००७ च्या दुष्काळात पातळी विक्रमी खाली गेली तेव्हा काठचा उघडा पडलेला गाळ यंत्रांनी उचलला गेला. मधला मात्र पाण्याखालीच होता.