वाळू-मुरमाची गाडी जप्त झाली? आधी कागदावरचं कलम बघा

गाडी तहसील कार्यालयाच्या आवारात लागली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "दंड किती?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जप्ती कोणत्या कायद्याखाली झाली? पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

महाराष्ट्रात गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम, दगड यांसारख्या) बहुतेक जप्त्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48(7) आणि 48(8) खाली होतात. जप्तीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या, तहसीलदारापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याला आहे. गाडी अडवणारे, पंचनामा लिहिणारे बऱ्याचदा तलाठी नाहीतर मंडळ अधिकारी असतात. म्हणून जप्तीच्या आदेशाखाली सही कोणाची आहे, हे बघाच.

जप्त वाहन 48 तासांच्या आत जिल्हाधिकारी किंवा प्राधिकृत उपजिल्हाधिकारी यांच्यापुढे सादर व्हायला हवं. सोडण्याचा अर्जही तिथेच करायचा. सोबत आरसी, विमा, मालकाचं ओळखपत्र, पंचनाम्याची प्रत आणि वाहतूक पास असेल तर तो. गाडी सोडली जाते ती दंड भरून आणि 'हे वाहन पुन्हा अनधिकृत कामाला वापरणार नाही' असं वैयक्तिक बंधपत्र दिल्यावर. बंधपत्राची रक्कम वाहनाच्या बाजारभावापेक्षा जास्त नसते.

इथेच बहुतेकांचा घोळ होतो, कारण दंड दोन आहेत. खनिजाचा दंड बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत जातो. वाहनाचा वेगळा: 2018 च्या दुरुस्तीनुसार ट्रॅक्टर-ट्रॉलीला 1 लाख, डंपरला 2 लाख, एक्स्कॅव्हेटरला साडेसात लाख रुपये. खनिजाचा दंड ब्रासवर (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) ठरतो, म्हणून पंचनाम्यातलं मोजमाप नीट वाचा. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची लिहिली आहे की नुसतं 'अंदाजे 3 ब्रास'? अंदाजावर हरकत घ्यायची तर ती लेखी खुलाशातच घ्या. तोंडी बोललेलं फाइलमध्ये येत नाही.

दुसरा रस्ता केंद्राच्या खाण व खनिज कायदा, 1957 चा. कलम 21(4) खाली वाहन, हत्यारं, खनिज जप्त होतं. मात्र कायमचं सरकारजमा करण्याचा आदेश न्यायालयच देतं, आणि न्यायालयही अधिकृत व्यक्तीच्या लेखी तक्रारीशिवाय दखल घेत नाही (कलम 22). अशा वेळी प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) खेटे घालून फायदा नाही. अंतरिम ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. पोलिसांनी चोरीचाही गुन्हा नोंदवला असेल, तर 'एकाच गोष्टीसाठी दोन कारवाया कशा?' हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच चोरीचा असा खटला वेगळा चालू शकतो असं सांगितलं आहे.

झडतीचं काय? याच केंद्रीय कायद्याच्या कलम 23ब नुसार प्राधिकृत राजपत्रित अधिकाऱ्याला, बेकायदा काढलेलं खनिज किंवा त्याचे कागद एखाद्या जागेत वा वाहनात दडवले आहेत असं मानायला कारण असेल, तर झडती घेता येते. पण फौजदारी प्रक्रियेचे नियम पाळूनच: त्या भागातले दोन स्वतंत्र पंच, जप्त वस्तूंची यादी, जागा ताब्यात असणाऱ्याला हजर राहण्याची मुभा आणि यादीची प्रत. ती प्रत मागून घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही करू नका, कितीही घाई केली तरी.

तहसीलदारांचा दंडाचा आदेश मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील 60 दिवसांत. आदेशाची प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि पोच जपून ठेवा.