अडकित्ता ओळखायचा तर आधी सुपारी हातात घ्या

जुन्या वाड्याच्या माळ्यावरची पेटी उघडली की कधीकधी पितळेची एक वस्तू हाती लागते. पुढे मोराची मान, पाठीवर नक्षीचा पिसारा, मागे दोन दांडे आणि त्यांच्या टोकांना बारीक घुंगरे. घरातल्या तरुण पोरांना ते खेळणे वाटते. दांडे फाकवले की मोराचे पोट उघडते आणि आतले लोखंडी पाते दिसते. मग कोणीतरी वडीलधारे सांगते, अरे, हा तर अडकित्ता! संग्रह करणाऱ्याचे काम मात्र तिथे संपत नाही. तो किती जुना, कुठल्या बाजूचा, आणि त्याने कधी सुपारी कातरली होती की नुसता शोभेसाठी ओतला, हे पाहायचे राहतेच.

नक्षी पाहून याचे उत्तर मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. आधी काम समजून घ्यावे. कात्रीचा खिळा मधोमध असतो, अडकित्त्याचा एका टोकाला. सुपारी खिळ्याजवळ धरायची आणि जोर लांबच्या टोकाला लावायचा, म्हणजे मुठीचा दाब कितीतरी पटींनी वाढून सुपारीवर येतो. धार फक्त वरच्या दांड्याला. खालचा दांडा बोथट, सुपारी टेकण्यापुरता सपाट. पूर्वी इंग्रजांच्या घरी साखर शंकूच्या आकाराच्या कडक ढेपांत येई आणि ती तोडायला लोखंडी चिमटे असत. ते दिसायला अडकित्त्याच्या जवळचे, पण त्यांच्या दोन्ही जबड्यांना धार असते. एवढे लक्षात ठेवले तरी गफलत टळते.

विडा अडकित्त्यापेक्षा फार जुना. मंदसोरच्या रेशीम विणकरांनी इ.स. 473 मध्ये कोरून घेतलेल्या शिलालेखात म्हटले आहे की हार, तांबूल आणि फुलांनी नटलेली स्त्रीसुद्धा रेशमी वस्त्रे नेसल्याशिवाय प्रियकराला भेटायला जात नाही. चौदाव्या शतकात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सुपारी बारीक फोडून तोंडात टाकतात आणि मग चुना लावलेले पान खातात, असे नोंदवतो. संग्रहांत दिसणारे धातूचे अडकित्ते मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले.

हत्याराचा माग शब्दातही लागतो. कन्नडमध्ये सुपारी म्हणजे अडके किंवा अडिके, आणि ती कातरणारी ती अडकत्तरी. आपला अडकित्ता याच घराण्यातला. मल्याळममधल्या अडक्क या शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘अरेका’ केले आणि तेच पोफळीच्या शास्त्रीय नावात जाऊन बसले. गुजरातीत हीच वस्तू सूडी, हिंदीत सरौता, बंगालीत जाँती, तमिळमध्ये पाक्कुवेट्टी, सिंहलीत गिरय, मलय भाषेत काचिप. जिथे जिथे विडा गेला तिथे हे हत्यार पोचले आणि जागोजागच्या कारागिराने त्याला आपले रूप दिले. जामनगरच्या सूड्या तर नावाजलेल्या.

आपल्याकडे श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. लग्न ठरले की सुपारी फुटते, आणि पेचात पडलेल्या माणसाची अडकित्त्यात सापडलेली सुपारी होते. श्रीमंताघरच्या तबकात पितळी अडकित्ता असे, आणि शेतकऱ्याच्या चंचीत, म्हणजे पान-सुपारीच्या कापडी पिशवीत, गावच्या लोहाराने घडवलेला साधा लोखंडी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते मन लावून पाहावेत. दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने ते उभे केले आणि घरातल्या रोजच्या वस्तूंना तिथे मानाची जागा दिली. परदेशातही या वस्तूने वेड लावले. गणितातल्या कॅटेगरी थिअरीचे एक जनक सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी अडकित्त्यांचा मोठा संग्रह केला होता.

जुनेपण तपासताना मी तीन जागा पाहते. पहिली पात्याची धार. वर्षानुवर्षे दगडावर लावून ती मधे खोलगट झालेली असते. दुसरी खालच्या दांड्याची बैठक, तिथे कातरण्याचे बारीक चरे पडतात. तिसरी जागा अंगठा टेकतो ती. तिथली नक्षी गुळगुळीत होते, पण शेजारच्या खाचेत ती तशीच टोकदार राहते. रसायनाने काळवंडवलेल्या नव्या मालात काळेपणा सगळीकडे सारखा असतो आणि झीज भलत्याच जागी. शेवटी अख्खी सुपारी आत धरून पाहावी. ती बसतच नसेल, किंवा एका हाताने दांडे मिटवता येत नसतील, तर ते कामाचे हत्यार नव्हे.

वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी ठरली तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. परदेशी नातेवाइकांना भेट म्हणून सहज पाठवून देण्याआधी याची चौकशी करावी.

अडकित्ता घरातून गेला तो यंत्रावर कातरलेली सुपारी पुडीत मिळू लागल्यावर. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले, त्यामुळे ती सवय परत यावी असे मी म्हणणार नाही. हत्यार मात्र जपायला हवे, आणि त्यातही लोखंडी. पितळी मोराला गिऱ्हाईक मिळते, लोखंडी अडकित्ता भंगारात किलोवर जातो. माझ्या आजीचा तसाच होता. धार लावून लावून पाते इतके झिजले होते की दांडे मिटवले तरी मधे फट राहायची, त्यातून पलीकडचा उजेड दिसायचा. तरी ती त्यावर सुपारी कागदासारखी पातळ कातरायची, तीही न बघता, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत.