क्षयरोगाची अधिसूचना (भारत)

क्षयरोगाचे निदान किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने, रुग्णालयाने अथवा प्रयोगशाळेने त्या रुग्णाची माहिती शासकीय आरोग्ययंत्रणेला कळवणे म्हणजे क्षयरोगाची अधिसूचना. दवाखान्यांत तिला सर्रास ‘नोटिफिकेशन’ म्हणतात. भारत सरकारने ७ मे २०१२ रोजी ती बंधनकारक केली आणि नोंदींसाठी त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली सुरू झाली. तरीही २०१३ मध्ये खासगी क्षेत्राकडून देशभरात ४० हजारांहूनही कमी रुग्ण कळवले गेले, आणि तेही खासगी दवाखान्यांत क्षयरोगाचे लाखो रुग्ण उपचार घेत असताना.

हा केवळ डॉक्टरांचा बेफिकीरपणा नव्हता. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे अर्ज भरायला ना वेळ असे, ना माणूस. शिवाय सरकारी कर्मचारी घरी आला तर शेजारीपाजारी आजाराचा बोभाटा होईल, या धास्तीने रुग्णच दुसरा डॉक्टर गाठेल, अशी भीती असे. नोंद करून डॉक्टरच्या वा रुग्णाच्या पदरात फारसे काही पडतही नव्हते.

मुंबईत २०१४ पासून महापालिकेच्या सहभागाने राबवलेल्या प्रकल्पाने नेमक्या या गाठीला हात घातला. नोंदणीची खटपट डॉक्टरवर न टाकता तिच्यासाठी कॉल सेंटर आणि क्षेत्रीय कर्मचारी दिले गेले, आणि नोंद झालेल्या रुग्णाला आपल्याच खासगी डॉक्टरकडे राहून औषधे मोफत मिळू लागली. पाटणा व मेहसाणा येथेही असेच प्रयोग झाले.

नोंदीची दुसरी वाट औषधविक्रेत्यांकडून जाते: १ मार्च २०१४ पासून क्षयरोगाची औषधे ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत, आल्याने डॉक्टर, रुग्ण व औषधाचे प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या राजपत्रित अधिसूचनेने विक्रेत्यांनाही माहिती कळवण्याच्या कक्षेत आणले आणि कसूर करणाऱ्यांसाठी तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या २६९ व २७० या, जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरवण्याबद्दल शिक्षा सांगणाऱ्या कलमांचा आधार दिला. मात्र पुढच्या वाढीचे श्रेय या कलमांच्या धाकापेक्षा नोंद सोपी होण्याला देणे अधिक रास्त ठरेल. २०१९ मध्ये देशात नोंदलेल्या सुमारे २४ लाख रुग्णांपैकी ६.७८ लाख खासगी क्षेत्रातील होते.

नोंद झालेला रुग्ण उपचार अर्धवट सोडू शकतो. म्हणून खासगी डॉक्टरांच्या प्रोत्साहनभत्त्याचे दोन भाग केले गेले: ५०० रुपये रुग्ण कळवल्यावर आणि ५०० रुपये उपचारांचा शेवट काय झाला ते कळवल्यावर.