उन्हाळ्यात कौलारू घराची दुरुस्ती : काम सुरू होण्यापूर्वी हे वाचा

उसाचे बिल हातात आले की मार्च ते मे या काळात घराची कामे निघतात. हाच काळ कडक उन्हाचा, आणि याच काळात पाण्यासाठी व गारव्यासाठी साप, विंचू, उदमांजर घराजवळ येतात. त्यामुळे ग्राहकांच्या दोन मागण्या बरोबरच येतात: घर थंड करा आणि घरात काही शिरू देऊ नका. दुसऱ्या मागणीसाठी वळचणीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, फट सिमेंटने लिंपली की पहिली मागणी फसते, कारण आढ्याखाली तापलेल्या हवेला वाटच उरत नाही. म्हणून आम्ही वळचण कधीच लिंपत नाही. तिथे 6 मिमी छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी लाकडी पट्टीखाली दाबून बसवतो. हवा खेळती राहते आणि उंदीर आत येत नाही. उंदीर थांबला की त्याच्या मागावर येणारा सापही बहुतेक थांबतो. नायलॉनची जाळी मात्र मागू नका. उंदीर ती कुरतडतो आणि साप तिच्यात अडकून मरतो. मोरीच्या तोंडाला व उंबऱ्याखालच्या फटीलाही हाच नियम: बोटाएवढी जागा दिसली की बंद.

छप्पर उघडताना

एप्रिल-मेमध्ये वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. मातीच्या भिंतीवर तासभर पाऊस पडला तरी भिंतीचा माथा खचतो. म्हणून एका वेळी एकच पाख (छपराची एक उतरती बाजू) उघडतो, आणि उघडलेल्या भागापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट मोठी ताडपत्री दोरासकट तयार ठेवतो. मंगळूरी कौले 100 चौरस फुटांना साधारण 150 लागतात. उतरवताना काही फुटतातच, तेव्हा दहा टक्के जादा धरा.

कौले काढण्याआधी माळा भर दिवसा टॉर्चने पाहावा लागतो. तिथे गव्हाणी घुबड किंवा वटवाघळे असू शकतात. पिल्ले असतील तर त्या पाखाचे काम पुढे ढकलून दुसरे आधी घ्यावे, असा आमचा आग्रह असतो. पिल्ले उडून गेल्यावर, रात्री सगळी बाहेर पडल्याची खात्री करूनच जाळी मारावी. आत राहिलेला जीव आतच मरतो आणि दुर्गंधी महिनाभर जात नाही. साठलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून आधी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधूनच काढावी.

वासे तपासायला जाड स्क्रूड्रायव्हर पुरतो. तो अर्धा इंच सहज आत गेला, तर वासा बदलायचा. वासे धड असतील तर पत्र्याच्या मोहात पडू नका. उन्हात कौलाइतके सोसणारे स्वस्त छप्पर दुसरे नाही. पत्रा घालायचाच असेल, तर वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या, खाली सीलिंग घ्या आणि मध्ये किमान 10 सेंमी पोकळी ठेवा. पोकळीची दोन्ही तोंडे जाळी लावून उघडी राहिली पाहिजेत. बंद पोकळीत हवा तापते आणि तिची उष्णता खाली घरात उतरते.

वानरांच्या उड्यांनी वळचणीकडच्या ओळी आधी सरकतात. फांद्या छाटून ती थांबत नाहीत. खालच्या दोन-तीन ओळींची कौले तारेने रिपांना (वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांना) बांधून घ्या.

भिंती आणि पाणी

पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते, सिमेंट तो बाहेर सोडत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे मातीसह सुटतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू घ्या. चुना किमान आठवडाभर भिजवलेला हवा. चुन्याचा खड्डा रोज झाकायचा. मुले आणि जनावरे दोघांसाठीही तो धोक्याचा आहे. काळी माती लिंपणात नको, वाळताना ती फार भेगाळते.

नव्या विटांच्या कामात सिमेंटच वापरतो, पण सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर. विटा आधी पाण्यात बुडवून घेतो. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवायचा. कडक झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू देऊ नका, त्यात ताकद उरत नाही. गिलाव्यावर सात दिवस आणि स्लॅबवर चौदा दिवस पाणी मारावे. दुपारी ओले बारदान टाकून ठेवले तर पाणीही कमी लागते.

हेच पाणी रात्री बेडूक आणि त्यांच्यामागे साप बोलावते. टाकीला झाकण ठेवा. उघड्या हौदात एक फळी तिरकी सोडा, म्हणजे पडलेला जीव वर येईल. शोषखड्डा रात्री झाकून ठेवा. राधानगरी, गगनबावड्याकडे गवा गावाजवळ येतो, तिथे हे विसरून चालणार नाही.

काम चालू असताना घरात राहणाऱ्यांसाठी

कौले, विटा, जळण, शेणी यांचे ढीग भिंतीला टेकवून लावू नका. फूटभर उंचीवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. ढिगातले पहिले कौल हाताने नाही, काठीने हलवा.

उकाड्यामुळे सगळे सोप्यात (पुढच्या पडवीत) किंवा अंगणात झोपतात. जमिनीवर झोपू नका, खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या, तर घरी थांबू नका. खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. दंश झाल्यास कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हातपाय हलू न देता 108 ला फोन करा. प्रतिविषासाठी जवळचे सरकारी रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय गाठा.

साप दिसला तर काम थांबवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवतो. त्याला मारणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि आमचे कामगार ते करणार नाहीत. जवळ आग्या मोहोळ असेल तर कृपया आधीच सांगा. ग्राइंडरच्या आवाजाने, हादऱ्याने माश्या उठतात. तिथे कटिंग दूर नेऊन करतो.

मापे घ्यायला येऊ तेव्हा माळ्यावरचे सामान उतरवलेले असावे, आणि जिथे कधी साप, मधमाश्या किंवा वाळवी दिसली ती जागा खडूने खूण करून ठेवावी.