डीटीएच सेट-टॉप बॉक्स आणि होम थिएटर रिसीव्हर यांची जोडणी

उपग्रहावरून थेट घरी येणारे (डीटीएच, म्हणजे डायरेक्ट-टू-होम) दूरचित्रवाणी कार्यक्रम सेट-टॉप बॉक्समध्ये उलगडले जातात. त्यांतील ध्वनी टीव्हीच्या छोट्या स्पीकरऐवजी खोलीभर मांडलेल्या स्पीकरांतून ऐकता यावा, यासाठी सेट-टॉप बॉक्स होम थिएटर रिसीव्हरला जोडतात. रिसीव्हर तीन कामे करतो : अनेक उपकरणांपैकी एकाची निवड करणे, सांकेतिक रूपातील ध्वनी उलगडून त्याच्या वाहिन्या (एकेका स्पीकरसाठीचे स्वतंत्र ध्वनी) वेगळ्या करणे आणि प्रत्येक स्पीकरला पुरेशी शक्ती पुरवणे. ५.१ मांडणीत समोर डावा, मध्य व उजवा, श्रोत्यांच्या बाजूंना किंचित मागे दोन आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर असे सहा स्पीकर असतात. सेट-टॉप बॉक्समधील ध्वनी नेमका कोणत्या उपकरणात उलगडला जावा, हा या जोडणीतील मूळ प्रश्न आहे. तारेची निवड, बॉक्समधील सेटिंग आणि उपकरणांचा क्रम या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

भारतात डिश टीव्हीने २००३ साली डीटीएच सेवा सुरू केली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मासिक शुल्क नसलेली सेवा आली, तिलाच पुढे डीडी फ्री डिश हे नाव मिळाले. २००६ मध्ये टाटा स्काय आली, जी २०२२ पासून टाटा प्ले या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या बॉक्सना मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची जागा असे आणि त्यांतून चित्र व दोन वाहिन्यांचा ध्वनी बाहेर पडे. एचडी बॉक्स आल्यावर एचडीएमआय (चित्र व ध्वनी एकाच तारेने नेणारा मार्ग) आणि बहुतेक ठिकाणी ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल ध्वनिमार्ग मिळाला आणि डॉल्बी डिजिटल ५.१ हा सहा वाहिन्यांच्या सांकेतिक ध्वनीचा प्रकार रिसीव्हरपर्यंत जसाच्या तसा पोहोचवता येऊ लागला. मात्र एचडी टीव्ही वाहिनी म्हणजे ५.१ ध्वनी असे समीकरण मांडता येत नाही. साध्या टीव्ही वाहिन्यांचा ध्वनी सहसा दोन ध्वनिवाहिन्यांचाच असतो आणि अनेक एचडी वाहिन्यांवरही कार्यक्रमागणिक फरक पडतो. प्रक्षेपणातच दोन ध्वनिवाहिन्या असतील, तर कोणतीही महाग तार त्यांच्या सहा करू शकत नाही.

लाल-पांढऱ्या पिनांच्या मार्गात ध्वनी बॉक्समध्येच उलगडला जातो आणि रिसीव्हरला दोन वाहिन्यांचा ॲनालॉग संकेत मिळतो. ५.१ प्रक्षेपण असले, तरी बॉक्स ते दोन वाहिन्यांत मिसळूनच बाहेर सोडतो. ऑप्टिकल आणि कोॲक्सियल हे दोन मार्ग ध्वनी अंकीय रूपात नेतात : पहिला प्रकाशाच्या स्पंदांनी, दुसरा ७५ ओहमच्या तारेने. दोन्हींमधून न दाबलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) दोन वाहिन्या किंवा दाबलेला डॉल्बी डिजिटल ५.१ जाऊ शकतो, पण इंटरनेटवरील चित्रपटांत वापरला जाणारा डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. म्हणून ज्या अँड्रॉइड बॉक्सवर इंटरनेटवरील चित्रपटही पाहायचे असतात, त्याच्यासाठी एचडीएमआय हाच योग्य मार्ग ठरतो.

एचडीएमआयच्या जोडणीत उपकरणांचा क्रम महत्त्वाचा असतो. बॉक्समधून निघालेली तार रिसीव्हरच्या ‘इन’ खाचेत आणि रिसीव्हरच्या ‘आउट’ खाचेतून दुसरी तार टीव्हीत गेली, म्हणजे ध्वनी वाटेतच उतरवून घेतला जातो आणि चित्र पुढे जाते. चित्रपटांच्या नकलेला आळा घालणाऱ्या एचडीसीपी या संरक्षणपद्धतीची बोलणी साखळीतील प्रत्येक उपकरणाशी होतात. त्यामुळे जुना रिसीव्हर ४के बॉक्स आणि ४के टीव्ही यांच्यामध्ये अडथळा बनू शकतो आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी बॉक्स सरळ टीव्हीला जोडून ध्वनी ऑप्टिकल तारेने रिसीव्हरकडे वळवणे हा साधा आणि पक्का उपाय आहे. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आलेली एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनेल) ही सोयही येथे उपयोगी पडते. तिच्यात टीव्हीकडे आलेला ध्वनी टीव्ही व रिसीव्हर यांना जोडणाऱ्या एचडीएमआय तारेनेच रिसीव्हरकडे परत पाठवता येतो. परंतु काही टीव्ही बाहेरून आलेला ५.१ ध्वनी दोन वाहिन्यांचा करूनच परत पाठवतात, हे आधी पडताळून पाहावे. घरात कोणाला रिसीव्हर चालू न करता फक्त बातम्या पाहायच्या असतील, तर रिसीव्हर बंद असतानाही चित्र व ध्वनी टीव्हीकडे जाऊ देणारी ‘स्टँडबाय पास थ्रू’ ही सोय सुरू ठेवावी लागते.

तारा नीट जोडूनही ५.१ ऐकू येत नाही, अशा घरांत दोष बहुधा बॉक्सच्या सेटिंगमध्ये सापडतो. ध्वनीच्या पानावर ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ (न दाबलेला अंकीय ध्वनी) निवडलेले असेल, तर बॉक्स स्वतःच ध्वनी उलगडतो आणि दोनच वाहिन्या पुढे देतो. तेथे ‘डॉल्बी डिजिटल’ निवडल्यावर रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर ते नाव उमटते आणि तीच खरी खूण मानावी. काही वाहिन्यांवर ध्वनीचे अनेक प्रवाह असतात व त्यांतून भाषेबरोबर डॉल्बीचा प्रवाह वेगळा निवडावा लागतो. डॉल्बी प्रवाह जात असताना बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही आणि तो रिसीव्हरवरूनच करावा लागतो. पीसीएम किंवा ॲनालॉग मार्गात मात्र बॉक्सचा आवाज पूर्ण वर ठेवणे हिताचे असते. वाहिनी बदलताना क्षणभर शांतता पसरते, ती रिसीव्हर नव्या प्रवाहाची ओळख पटवत असल्यामुळे.

दोन वाहिन्यांचे प्रक्षेपण पाच स्पीकरांवर पसरवण्यासाठी रिसीव्हरमध्ये डॉल्बी प्रो लॉजिक २ सारख्या पद्धती असतात. डाव्या-उजव्या वाहिन्यांत समान असलेला भाग मध्य स्पीकरकडे आणि त्यांतील फरकाचा भाग बाजूंकडे धाडणे हे त्यांचे तत्त्व आहे. संवाद आणि क्रिकेटचे समालोचन दोन्ही वाहिन्यांत सारखेच असल्याने ते मध्यभागी ठळक होते. शब्द स्पष्ट ऐकू येण्यासाठी मध्य स्पीकर हा संपूर्ण मांडणीतला सर्वांत मोलाचा स्पीकर आहे आणि त्याच्यावर खर्च करताना हात आखडता घेऊ नये.

आपल्याकडे ‘५.१ होम थिएटर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त संचांत मुळात सांकेतिक ध्वनी उलगडणारा डिकोडर नसतो. त्यांच्या मागे आरसीएच्या (लाल-पांढऱ्या पिनांच्या) तीन जोड्या असतात. त्या ५.१ ध्वनी स्वतः उलगडून सहा तारांनी बाहेर देणाऱ्या डीव्हीडी प्लेयरसाठी योजलेल्या असतात. सेट-टॉप बॉक्सकडे अशा सहा तारा नसल्याने लाल-पांढरी जोडी लावल्यावर सर्व स्पीकर वाजतात, पण त्यांत तोच दोन वाहिन्यांचा ध्वनी फिरवलेला असतो. ऑप्टिकल संकेत घेऊन सहा ॲनालॉग वाहिन्या देणारा वेगळा डिकोडर मध्ये बसवला, तरच अशा संचावर खरा ५.१ मिळतो.

टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करतो आणि तिला वेळ लागतो. ध्वनी रिसीव्हरकडून लगेच आल्यास ओठ हलण्याआधी शब्द ऐकू येतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेल्यास तफावत जाणवते, असे नमूद आहे. म्हणजे पुढे गेलेला ध्वनी कानाला लवकर खटकतो. रिसीव्हरमधील ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ वाढवून तो मागे घेता येतो. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाच्या चेहऱ्याकडे पाहत हे जुळवणे सर्वांत सोपे जाते.

गच्चीवरच्या छत्रीपासून येणारी तार हा या जोडणीतील वेगळाच भाग आहे. तिचे बाह्य आवरण छत्रीच्या लोखंडी आधाराला व इमारतीच्या जमिनीशी जोडलेले असते आणि रिसीव्हर तीन पिनांच्या प्लगने दुसऱ्या मार्गाने अर्थिंगला जोडलेला असला, तर या दोन मार्गांच्या विद्युतदाबातील फरकामुळे स्पीकरांत ५० हर्ट्झची घरघर उमटते. छत्रीची तार काढताच ती थांबली, तर निदान पक्के झाले. तारेचे आवरण घराच्या मुख्य अर्थिंगशीच जोडून घेणे हा मुळावरचा इलाज आहे. ऑप्टिकल तारेतून वीज वाहत नसल्याने बॉक्स आणि रिसीव्हर यांच्यात तिचा उपयोग होतो, मात्र त्यांच्यामध्ये दुसरी धातूची तार असता कामा नये. छत्रीच्या तारेवर घरघर रोखण्यासाठी बसवायचा विलगक (आयसोलेटर) मात्र एलएनबीला (छत्रीवरील संकेत पकडणाऱ्या भागाला) लागणारा १३ व १८ व्होल्टचा पुरवठा जाऊ देणारा हवा. नाहीतर घरघरीबरोबर चित्रही जाते. प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर बंद करण्याचा जुगाड जीवघेणा आहे आणि तो कोणीही, कधीही करू नये.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडू लागतात, तेव्हा छत्रीच्या तारेतून आलेला विद्युतदाब बॉक्समधून एचडीएमआयमार्गे रिसीव्हर आणि टीव्ही या दोघांचीही हानी करू शकतो. आभाळ भरून आलेले दिसताच, विजा सुरू होण्याआधी, बॉक्सपासून छत्रीची तार सोडवावी आणि सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत.